पटावरचे शब्द : बैठ्या खेळांचा इतिहास आणि वाङ्मयाचे अभ्यासक

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांत खेळांना जागा मिळते ती बहुधा ‘लोकजीवन’ अथवा ‘मनोरंजनाची साधने’ अशा एखाद्या परिशिष्टवजा प्रकरणात. तेथे दोन विधाने ठरलेली असतात. ऋग्वेदकाळापासून आपल्याकडे द्यूत चालत आले आहे, हे एक. आणि बुद्धिबळ ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, हे दुसरे. ढोबळ मानाने ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांच्या उच्चाराबरोबर विषय संपला असे मानले जाते, आणि वस्तुतः जेथे अभ्यासास आरंभ व्हावयाचा तेथेच तो थांबतो. पटावरच्या खेळांचा भारतातील इतिहास मुख्यत्वे शब्दांवर उभा आहे. अक्ष, शलाका, शार, अष्टापद, चतुरंग, सारी, चौपड, शतरंज हे शब्द हाच त्याचा प्रमुख पुरावा होय. म्हणून हा इतिहास तपासण्याची जबाबदारी पुरातत्त्वज्ञांइतकीच, किंबहुना त्यांच्यापेक्षाही अधिक, वाङ्मयाच्या अभ्यासकांवर येते. ती पार पाडताना एक साधा नियम सतत ध्यानात ठेवावा लागतो : नाव टिकते आणि खेळ बदलतो, कधी खेळ टिकतो आणि नाव बदलते. नावाच्या सातत्यावरून खेळाचे सातत्य गृहीत धरणे ही या क्षेत्रातील सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडलेली चूक आहे.

इतर प्राचीन संस्कृतींशी तुलना केली म्हणजे भारतीय पुराव्याचे वेगळेपण स्पष्ट होते. मेसोपोटेमियातील ऊर येथे लेनर्ड वुली यांना १९२० नंतरच्या दशकात राजघराण्याच्या थडग्यांत वीस घरांचे पट सापडले. ते इसवी सनापूर्वी सुमारे अडीच हजार वर्षांचे आहेत. पट हाती आले, परंतु ते खेळत कसे हे सांगणारा शब्द हाती नव्हता. पुढे ब्रिटिश म्यूझियममधील अर्व्हिंग फिंकेल यांनी इ. स. पू. १७७ च्या सुमारास लिहिलेल्या एका बाबिलोनी मृत्तिकाफलकाच्या आधारे त्या खेळाच्या नियमांची जुळणी केली. पट आणि त्याचे स्पष्टीकरण यांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे. भारतातील स्थिती जवळजवळ उलटी आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर घनाकृती फासे मिळाले आहेत हे खरे. पण त्यांच्यापाशी वाचता येणारा मजकूर नाही. त्यानंतर दीर्घकाळ शब्द उदंड आहेत आणि पट मात्र नाहीत. कापडाचा, लाकडाचा अथवा अंगणातील मातीवर रेखलेला पट टिकणार तरी किती? ऊरचा प्रश्न वस्तूला शब्द मिळवून देण्याचा होता. भारतातील प्रश्न शब्दाला वस्तू मिळवून देण्याचा आहे. तो अधिक अवघड आहे, कारण रिकाम्या शब्दात ज्याला हवी ती वस्तू भरता येते.

‘अक्ष’ हा शब्द याचे पहिले उदाहरण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त द्यूतकाराच्या विलापाचे म्हणून सर्वपरिचित आहे. त्यातील अक्ष म्हणजे बिभीतकाची, अर्थात बेहड्याची, फळे. ती जमिनीतील खळग्यात पडतात, त्यांचा समूह मोठा आहे, आणि ती माणसाला घरदार सोडावयास लावतात. या सूक्तात पट नाही, घरे नाहीत, सोंगट्याही नाहीत. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात अक्ष, शलाका व संख्यावाचक शब्द यांचा ‘परि’शी होणारा समास सांगितला आहे. त्याचे विवरण करताना काशिकावृत्ती पाच अक्षांनी किंवा पाच शलाकांनी खेळल्या जाणाऱ्या पंचिका नावाच्या द्यूताचा निर्देश करते. सर्व एकसारखे पडले तर जय, अन्यथा पराजय. याही खेळाला पटाची गरज नाही. नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण बिभीतक वृक्षाची पाने व फळे क्षणार्धात मोजून सांगतो, आणि नलाला तो जे अक्षहृदय देतो ते या गणनेच्या विद्येशीच जोडलेले आहे. हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतीय द्यूतावरील आपल्या प्रबंधात अशाच स्थळांच्या आधारे असे प्रतिपादिले की वैदिक व महाकाव्यकालीन अक्षक्रीडेचे मर्म संख्येत आहे. त्यांच्या मांडणीतील प्रत्येक तपशील आज मान्य होईल असे नाही. तथापि मोजण्याच्या विद्येचा आणि द्यूतातील जयाचा संबंध कथेतच इतका घट्ट विणला आहे की तो दुर्लक्षिता येत नाही.

आता सभापर्वातील द्यूताकडे वळावे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत सभापर्वाचे संपादन फ्रँक्लिन एजर्टन यांनी केले. पाठ निश्चित करण्याचे एवढे मोठे काम झाले, पण त्या पाठातील खेळ वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो पाठातून नव्हे. शकुनी आणि युधिष्ठिर यांच्यामध्ये पसरलेला चार भुजांचा पट, त्यावरील रंगीत सोंगट्या आणि हातातले लांबट फासे ही प्रतिमा उत्तरकालीन चित्रांनी, कीर्तनांनी आणि अलीकडे चित्रपट व दूरदर्शनने घडविली आहे. चौपडीच्या चार भुजांच्या पटाचे तपशीलवार वर्णन आईन-इ-अकबरीसारख्या मोगलकालीन ग्रंथात मिळते. विराटपर्वाच्या आरंभी कंकाचे रूप घेऊ पाहणारा युधिष्ठिर रत्नांच्या व हस्तिदंताच्या साधनांनी खेळण्याची भाषा करतो. ती साधने फासे की सोंगट्या, याचा निर्णय प्रत्येक भाषांतरकार आपापल्या परिचयातील खेळावरून करीत आला आहे. सोळाव्या शतकातील पट महाभारतात मांडला म्हणजे कथेचे काही बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण बिघडते. खेळ निव्वळ दैवाचा असेल तर युधिष्ठिराचा दोष एक ठरतो; गणनेच्या विद्येचा असेल आणि त्याला ती येत नसेल, तर दोष वेगळा ठरतो; आणि सोंगटी चालविण्याचे चातुर्य त्यात असेल तर तिसराच. सभापर्वाच्या नैतिक अर्थाची चर्चा करणाऱ्याने खेळ कोणता हे विचारलेच नाही, तर त्याची चर्चा पायाशिवाय उभी राहते.

याचा अर्थ प्राचीन भारतात पट नव्हते असा नव्हे. ते होते, आणि त्यांचा सर्वांत विश्वसनीय पुरावा व्याकरणग्रंथात सापडावा हे लक्षणीय आहे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील एका सूत्रात ‘अयानय’ या शब्दावरून सोंगटीचे विशेषण साधले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात त्याचे विवरण येते. अय म्हणजे उजवीकडून, प्रदक्षिणेच्या दिशेने जाणे. अनय म्हणजे उलट दिशेने जाणे. आणि अशा परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या सोंगट्यांच्या ज्या स्थितीत प्रतिपक्षाला त्यांच्या घरांत शिरता येत नाही ती स्थिती अयानय. येथे सर्व काही आहे : पट, घरे, दोन पक्ष, दोन दिशा, आणि अडविण्याचा नियम. भाष्यकाराला खेळाविषयी काहीही सिद्ध करावयाचे नव्हते. एका तद्धित प्रत्ययाचा अर्थ त्याला विद्यार्थ्यांना समजावून द्यावयाचा होता, आणि त्यासाठी त्याने सर्वांच्या ओळखीची वस्तू घेतली. म्हणूनच त्याच्या साक्षीचे मोल मोठे आहे. स्तुती करणारा कवी आणि निषेध करणारा धर्मशास्त्रकार यांच्यापेक्षा उदाहरण देणारा वैयाकरण अधिक भरवशाचा साक्षीदार ठरतो.

निषेधाच्या ग्रंथांचाही उपयोग आहे, पण तो जपून करावा लागतो. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने टाळावयाच्या खेळांची एक लांबलचक यादी आहे. तिच्या आरंभीच आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटांचा निर्देश येतो. ‘अट्ठपद’ हा शब्द दिसताच तेथे बुद्धिबळ पाहण्याचा मोह अनेकांना झाला. पण अष्टापद हे पटाचे नाव आहे, खेळाचे नव्हे. आठ गुणिले आठ घरांचा पट चतुरंगाच्या आधीपासून फाशांच्या खेळासाठी वापरात होता, आणि पुढे त्याच पटावर हत्ती, घोडे, रथ व पायदळ उभे राहिले. एकाच पटावर दोन भिन्न खेळ खेळले जाऊ शकतात, ही गोष्ट कोणत्याही घरातील मुलांना ठाऊक असते. विद्वानांना ती पुनःपुन्हा सांगावी लागली आहे.

चतुरंगाचा संस्कृतातील सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे सातव्या शतकात, येतो. हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना बाण श्लेषाचा आश्रय घेतो : तेथे चतुरंगाची रचना होते ती केवळ अष्टापदावरच. चतुरंग म्हणजे चार अंगांचे सैन्य, आणि चतुरंग म्हणजे पटावरचा खेळ. हा श्लेष वाचकाला कळेल असा विश्वास कवीला वाटला, याचाच अर्थ खेळ तोवर नागरांच्या परिचयाचा झाला होता. साधारण याच काळाच्या संदर्भात इराणी परंपरा बोलू लागते. एका पहलवी ग्रंथात भारतीय राजाने खुस्रो पहिला याच्या दरबारी चतरंग पाठविल्याची, बुजुर्गमिहराने त्याचे कोडे उलगडल्याची आणि उत्तरादाखल नर्दचा खेळ रचल्याची कथा आहे. फिर्दौसीच्या शाहनाम्यातही ती आली आहे. कथा कथाच असली तरी शब्द साक्ष देतो. चतुरंगाचा चतरंग झाला, आणि अरबी भाषेत च आणि ग हे वर्ण नसल्याने त्याचा शतरंज झाला.

खेळाच्या नावाबरोबर त्याच्या चालीचाही पुरावा हवा असेल, तर तो अलंकारशास्त्रातील उपेक्षित भागात मिळतो. नवव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक रुद्रट याने काव्यालंकारात तुरगपदबंध सांगितला आहे. बत्तीस अक्षरांचा अनुष्टुभ् श्लोक अर्ध्या पटाच्या बत्तीस घरांत लिहावयाचा. सरळ वाचला तरी तोच श्लोक, आणि घोड्याच्या उड्यांनी वाचला तरी तोच. ही रचना घोड्याची चाल आजच्यासारखीच असल्याशिवाय शक्य नाही. हत्तीच्या चालीवरील गजपदबंधाचा अर्थ लावताना मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत, कारण त्या काळी हत्तीची चाल सर्वत्र एक नव्हती. पुढे वेदान्तदेशिकांनी पादुकासहस्रात तुरगबंध साधला. चित्रकाव्याला काव्यशास्त्राने सर्वांत खालची पायरी दिली, आणि आधुनिक समीक्षेने ते शब्दांची कसरत म्हणून बाजूस सारले. रसाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यही असेल. परंतु बुद्धिबळाच्या इतिहासात एका चालीचा निःसंदिग्ध लेखी पुरावा या कसरतीनेच जपून ठेवला आहे.

शब्दांवर आंधळा विश्वास ठेवल्याने काय घडते, याचा धडा याच खेळाच्या आधुनिक संशोधनात आहे. विल्यम जोन्स यांनी १७९० मध्ये भारतीय बुद्धिबळावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी चौघांनी फाशांच्या साह्याने खेळावयाच्या चतुरंगाचे वर्णन भविष्यपुराणातील म्हणून दिले. व्यास युधिष्ठिराला खेळ समजावून देत आहेत, अशी त्या वर्णनाची मांडणी. हायरम कॉक्स यांनी या चौघांच्या खेळालाच मूळ मानले, आणि डंकन फोर्ब्स यांनी १८६० मधील आपल्या इतिहासग्रंथात त्यावर पाच हजार वर्षांची इमारत उभारली. पुढे आल्ब्रेख्ट वेबर आणि आंतोनियस फान डर लिंडे यांनी मूळ आधार तपासले, तेव्हा ते वर्णन बंगालमधील स्मृतिकार रघुनंदन याच्या तिथितत्त्वातून आल्याचे दिसले. हा ग्रंथ सोळाव्या शतकातील. कोजागरी पौर्णिमेच्या रात्री जागरण करून अक्षक्रीडा करावी, या विधानाच्या प्रसंगाने ते तेथे आले आहे. एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ मधील बृहद्ग्रंथाने या प्रकरणावर पडदा टाकला. तरीही पाच हजार वर्षांचे विधान लोकप्रिय पुस्तकांतून अद्याप गेलेले नाही. व्यासांचे नाव संवादात आले म्हणून खेळ व्यासांच्या काळाचा, हा तो तर्क. पुराणांच्या संवादचौकटीचा परिचय असलेल्या साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याने तो पहिल्याच वाचनात अडविला असता. तो अडविला गेला नाही, कारण खेळाचा इतिहास हा आपला विषय आहे असे साहित्याच्या विद्यार्थ्याला वाटले नव्हते.

इराणमार्गे अरबस्तानात व युरोपात गेलेला खेळ फारसी शब्दसंपदा घेऊन भारतात पुन्हा वावरू लागला, ही गोष्ट आपल्या भाषा आजही बोलून दाखवितात. मराठीने खेळाला ‘बुद्धिबळ’ असे स्वतःचे नाव दिले. पण पटावर बसताच वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द येतात. ‘शह’ म्हणजे मूळचा शाह, राजा. त्याला ‘काट’ हा देशी शब्द जोडून मराठीने ‘काटशह’ घडविला, आणि राजकारणाच्या चर्चेत तो आता इतका रुळला आहे की त्यामागील पट कोणाला आठवत नाही. तमिळ, मलयाळम व कन्नड यांनी चतुरंग हे नाव राखले. हिंदी, उर्दू व गुजराती यांनी शतरंज स्वीकारले. बंगालीत दाबा हा शब्द रूढ झाला. एकाच खेळाच्या नावांचा हा नकाशा कोणत्याही राजकीय नकाशापेक्षा अधिक बोलका आहे. दख्खनच्या दरबारी परंपरेचे दुवेही या नकाशात बसविता येतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात चतुरंग, पाशक आणि वराटिका या क्रीडांची वर्णने आहेत. आणि मूळच्या पैठणच्या, काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाच्या नीतिमयूखात, म्हणजे सतराव्या शतकात, बुद्धिबळाच्या चाली सांगितल्या आहेत. दोन्ही ग्रंथ राजनीतीचे अथवा राजाच्या विनोदाचे आहेत, आणि मराठीच्या इतिहासाशी त्यांचा संबंध निकटचा आहे.

चालींचे ज्ञान नसेल तर काव्याचा अर्थ कसा हुकतो, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. रहीमच्या एका प्रसिद्ध दोह्यात प्याद्याचा फर्जी झाल्यावर त्याची चाल वाकडी होते, असे सांगून हलक्या माणसाच्या उन्मादावर बोट ठेवले आहे. आजच्या पटावर वजीर सरळही जातो आणि तिरपाही. तेव्हा वाकडेपणाचा आरोप आजच्या वाचकाला केवळ अलंकारिक वाटतो. रहीमच्या काळच्या खेळात फर्जी एकेक घर तिरपाच सरके. प्यादे जन्मभर सरळ चालते आणि पद मिळताच त्याला सरळ चालताच येत नाही, हा दोह्याचा नेमका डंख आहे. तो नियमाच्या इतिहासाखेरीज कळत नाही. बंगालीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यासमोर दुसरी अडचण उभी राहते. बंगाली पटाच्या कोपऱ्यात नौका असते, आणि मराठीत जेथे उंट असतो तेथे गज असतो. बंगालीतील गज तिरपा जातो. त्याला मराठीत हत्ती म्हटले की तो कोपऱ्यात जाऊन सरळ चालू लागतो, आणि कथेतील डाव मोडतो. चौपडीच्या बाबतीत तर एकाच दानाचे दोन भाषांत दोन अर्थ झाले. एक आणि बारा असे पडणारे दान हिंदीत ‘पौ बारह’ होऊन भाग्योदयाचे वाचक ठरले. मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळ काढणे. दान तेच, एका भाषेने त्यात यश पाहिले, दुसरीने सोंगटीची धाव पाहिली.

कबीराच्या साखीत पासा, सारी आणि डाव एकत्र येतात आणि डाव दाखविणारा सद्गुरू असतो. जायसीच्या पद्मावतात अलाउद्दीन व रत्नसेन यांच्यामध्ये शतरंजाचा पट मांडला जातो. प्रेमचंदांच्या १९२४ मधील कथेत अवध बुडत असता दोन जहागीरदार डावावरून नजर उचलत नाहीत. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये त्या कथेवर चित्रपट करताना पाश्चात्त्य पद्धतीत मंत्र्याची राणी होते, या नियमभेदाचा संवादात उपयोग केला, आणि नियमांचा इतिहास हाच कथेचा राजकीय अर्थ बनला. ही स्थळे ‘रूपक’ या एका शब्दात गुंडाळून ठेवण्याची सवय समीक्षेला आहे. परंतु फाशांचा खेळ आणि फाशांविना खेळ यांतील रूपके एक नसतात. कबीराला दैव आणि कृपा यांसाठी फासा हवा होता; प्रेमचंदांना पूर्ण जबाबदारीचा, दैवाला दोष न देता येणारा खेळ हवा होता.

मराठी वाचकाला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मोक्षपटाचा आहे. सापशिडीचा हा पूर्वज ज्ञानेश्वरांनी रचला, अशी परंपरा महाराष्ट्रात आहे. आजवर अभ्यासल्या गेलेल्या ज्ञानचौपडीच्या पटांपैकी बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ मध्ये त्यांचे वर्गीकरण केले, आणि याकोब श्मिट-माडसेन यांनी २०१९ मधील आपल्या कोपनहेगन येथील प्रबंधात पश्चिम भारतातील पटांचा विस्ताराने विचार केला. जैन पट प्रायः चौऱ्याऐंशी घरांचे, वैष्णव पट अनेकदा बहात्तर घरांचे. सूफी परिभाषेतले पटही आहेत, आणि नेपाळात नागपाश नावाचा खेळ आहे. तिबेटी परंपरा आपल्याकडील अशाच ऊर्ध्वगतीच्या खेळाचे कर्तृत्व तेराव्या शतकातील साक्य पंडिताला देते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. म्हणजे दोन दूरच्या प्रदेशांनी एकाच शतकातील दोन पुरुषांकडे बोट दाखविले आहे. यावरून तेराव्या शतकातील उगम सिद्ध होत नाही. संतवाङ्मयाच्या संपादकाला हा प्रकार नवा नाही. अभंगाच्या शेवटी ज्ञानदेवांची नाममुद्रा आली म्हणजे तो ज्ञानदेवांचाच असे तो मानीत नाही. आणि तो उत्तरकालीन ठरला म्हणून टाकूनही देत नाही. मोक्षपटालाही हाच न्याय लावला पाहिजे. कर्तृत्वाची परंपरा ही खेळाच्या जन्माची नोंद नसेल. समाजाने हा खेळ कोणत्या अधिकाराखाली स्वीकारला याची ती नोंद निश्चित आहे.

उगमाच्या या वादात पटाचा मजकूर मात्र वाचावयाचा राहून जातो. प्रत्येक घरात एक संज्ञा आहे : काम, मत्सर, दया, भक्ती, सत्संग, वैकुंठ. कोणत्या घरापासून शिडी निघते, कोणत्या घरातील साप किती खाली नेतो, याचा क्रम म्हणजे एक विचारव्यूह आहे. जैन पटावरील सर्वोच्च घर आणि वैष्णव पटावरील सर्वोच्च घर एक नाही. एका संप्रदायाची शिडी दुसऱ्याने कोठे हलविली, हे तौलनिक धर्मविचाराचे साधन होऊ शकते. इंग्लंडमध्ये १८९० नंतरच्या दशकात हा खेळ बाजारात आला, आणि कालांतराने घरांतील नावे गळून केवळ आकडे उरले. महाराष्ट्रातील घरांतही आज तोच आकड्यांचा पट आहे. शब्द पुसले गेले आणि खेळ टिकला; अक्षाच्या बाबतीत घडले त्याच्या अगदी उलट.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की नियमांचा एवढा काथ्याकूट केल्याने काव्याचा आस्वाद कोरडा होतो. रहीमच्या दोह्याचे उदाहरण याला पुरेसे उत्तर आहे. नियम कळल्यावर दोहा अधिक तिखट होतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उगमाची प्राचीनता संशयित ठरविल्याने राष्ट्रीय वारशाला उणेपणा येतो, असे काहींना वाटते. पण बाणाचा श्लेष, रुद्रटाचा बंध आणि पतंजलीचे उदाहरण यांतून सिद्ध होणारा वारसा इतका भक्कम आहे की त्याला फोर्ब्सच्या पाच हजार वर्षांचा टेकू नको आहे. खोटा आधार एकदा उघडा पडला की त्याच्या शेजारचा खरा आधारही संशयात सापडतो. हाच वारशाचा खरा तोटा.

म्हणून काही कामे आता हाती घेतली पाहिजेत, आणि ती एकेका भाषेच्या अभ्यासकाने एकट्याने होणारी नाहीत. जुन्या काव्यांच्या संपादकांनी खेळाचा शब्द आला की टीपेत ‘एक प्रकारचे द्यूत’ असे लिहून सुटका करून न घेता, पट, साधन आणि चाल या तीन बाबींपैकी कशाचा पुरावा त्या स्थळी आहे आणि कशाचा नाही, हे नोंदवावे. भाषांतरकारांसाठी सोंगट्यांची, दानांची आणि चालींची बहुभाषिक शब्दसूची तयार व्हावी. बंगालीचा गज आणि मराठीचा उंट तीत एका ओळीत यावेत. हस्तलिखित-संग्रहांतील व वस्तुसंग्रहालयांतील मोक्षपट, ज्ञानचौपडी आणि म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियारांच्या श्रीतत्त्वनिधीतील कौतुकनिधीसारखे क्रीडासंग्रह यांची नोंद केवळ चित्रे म्हणून न होता ग्रंथ म्हणूनही व्हावी, आणि त्यांचे पाठ छापले जावेत. सोंगट्या आणि कवड्यांचे डाव ज्यांनी प्रत्यक्ष खेळले आहेत अशी पिढी अनेक भाषांत अद्याप हयात आहे. दानांची नावे, घरांची नावे, भांडणात वापरावयाचे शब्द तिच्या तोंडी आहेत, आणि ते कोणत्याही ग्रंथात नाहीत. जेथे अनेक भाषांचे विभाग एका छपराखाली आहेत, अशा विद्यापीठांत हे संकलन एका वर्गाच्या उपक्रमातूनही सुरू होऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी वही घेऊन बसावे, आणि एक डाव पूर्ण खेळून तो उतरवून घ्यावा, इतकेच पुरे आहे.